गालिचा उलटून पाहताना

गालिचा तीन गोष्टींचा बनतो: ताणा, बाणा आणि लव. ताणा म्हणजे मागावर उभे ताणलेले दोरे, बाणा म्हणजे त्यांतून आडवे जाणारे दोरे आणि लव म्हणजे या जाळीतून वर आलेले, पायाला मऊ लागणारे तंतू. मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या अंथरली गेलेली सतरंजी ही नुसत्या ताण्याबाण्याची. तिला लव नसते. म्हणून ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, धुवायला सोपी जाते आणि घडी घालून माळ्यावर टाकता येते. गालिच्याला मात्र सुलट आणि उलट अशा दोन वेगळ्या बाजू असतात. दुकानात सुलट बाजू दाखवतात, कारण रंग आणि नक्षी तिथे असते. दर्जा पाहायचा तर उलट बाजू पाहावी लागते. लव जाळीला कशी बांधली आहे ते तिथे दिसते आणि गालिचा पाच वर्षे टिकणार की पन्नास, हे मुख्यतः त्या बांधणीवर ठरते.

बोलताना गालिचा आणि कार्पेट हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. या प्रकरणात गालिचा म्हणजे उचलून गुंडाळता येणारा, मापाचा तुकडा. कार्पेट म्हणजे खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत कायमचे बसवलेले आच्छादन. दोघांची निवड वेगवेगळ्या निकषांवर करावी लागते. भारतीय घरात बहुतेक वेळा प्रश्न गालिच्याचा असतो, म्हणून इथे भर त्यावर आहे.

बांधणी

हाताने एकेक गाठ मारून विणणे ही सर्वांत जुनी पद्धत. सैबेरियातल्या अल्ताई पर्वतात पाझिरिक येथे बर्फात गोठलेल्या थडग्यांचे उत्खनन करताना १९४९ साली रशियन पुरातत्त्वज्ञ सर्गेई रुदेन्को यांना साधारण दोन मीटर लांबीचा एक गालिचा सापडला. तो इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकातला मानला जातो आणि आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. त्याच्या एका चौरस इंचात सुमारे २३० गाठी आहेत. इतकी बारीक वीण आजही उत्तम समजली जाईल. त्या काळापासून मूळ कृती बदललेली नाही: विणकर ताण्याच्या दोन दोऱ्यांभोवती लोकरीचा धागा गुंडाळतो, टोक ओढून कापतो, एक ओळ पुरी झाली की बाणा घालतो आणि पंजा नावाच्या जड दातेरी अवजाराने ठोकून ओळ घट्ट बसवतो. दोरा दोन्ही ताण्यांना पूर्ण वेढतो ती तुर्की गाठ. एकाला पूर्ण वेढून दुसऱ्याच्या मागून नुसता जातो ती इराणी गाठ. टिकण्याच्या दृष्टीने दोन्ही उत्तम आहेत.

भारतात या कलेला मोठा राजाश्रय अकबराच्या काळात मिळाला. आग्रा, फत्तेपूर सिक्री आणि लाहोर येथे शाही कारखाने निघाले. आज उत्तर प्रदेशातला भदोही-मिर्झापूर पट्टा हे देशातले सर्वांत मोठे केंद्र आहे. भदोहीच्या हातविणीच्या गालिच्याला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. काश्मीर, जयपूर आणि आग्रा ही इतर मोठी नावे. काश्मिरात नक्षी चित्रावर पाहून विणत नाहीत. कोणत्या रंगाच्या किती गाठी सलग मारायच्या हे ‘तालीम’ नावाच्या सांकेतिक लिपीत कागदाच्या पट्ट्यांवर लिहिलेले असते आणि विणकर ती वाचत विणतो. ब्रिटिश काळात हे काम तुरुंगांतही शिरले. विंडसर किल्ल्यातल्या वॉटर्लू दालनातला अवाढव्य अखंड गालिचा आग्र्याच्या कैद्यांनी विणलेला आहे आणि पुण्याच्या येरवडा तुरुंगातूनही एकेकाळी गालिचे तयार होऊन बाहेर जात.

गाठीचा गालिचा ओळखणे अवघड नाही. त्याच्या पाठीवर पुढची नक्षी तितकीच स्पष्ट दिसते. प्रत्येक गाठ बारीक मण्यासारखी हाताला लागते आणि ओळी हाताच्या कामाइतक्याच, म्हणजे किंचित वाकड्या असतात. टोकाची झालर ही ताण्याचेच पुढे आलेले दोरे असतात. ती वेगळी शिवलेली नसते. लव दोन बोटांनी बाजूला केली तर तळाशी गाठींची ओळ दिसते.

दुसरा प्रकार टफ्टेड. यात ताणून बसवलेल्या कापडावर नक्षी काढतात आणि टफ्टिंग गन या हातातल्या यंत्राने धागा भोसकत जातात. गाठ कुठेच नसते. धागा जागेवर राहावा म्हणून मागून लॅटेक्सचा, म्हणजे रबरी चिकाचा थर देतात आणि तो झाकायला वर सुती कापड चिकटवतात. काम काही दिवसांत होते, त्यामुळे किंमत बरीच खाली येते आणि पुढून पाहता तो गाठीच्या गालिच्याइतकाच देखणा दिसू शकतो. पण त्याचे आयुष्य लॅटेक्सच्या आयुष्याइतकेच असते. काही वर्षांनी, उष्ण हवेत लवकरच, तो थर कडक होतो, भुगा होऊन पाठीतून गळू लागतो, आणि मग धाग्यांचे पुंजके सुटतात. नवा असताना याला रबराचा उग्र वास येत असेल तर तो घरातही पुष्कळ दिवस राहतो. जाणकाराने दुरुस्त करून पुढच्या पिढीला द्यावा असा हा गालिचा नाही. दहाएक वर्षे वापरून बदलायचा म्हणून घ्यायला मात्र त्यात काही गैर नाही, फक्त किंमत त्या हिशोबाची हवी.

सर्वांत जास्त फसगत इथेच होते. टफ्टिंग गन माणूसच चालवतो, त्यामुळे दोन्ही प्रकारांना ‘हॅन्डमेड’ म्हटले जाते आणि तसे म्हणणे खोटेही ठरत नाही. गिऱ्हाइकाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हॅन्ड-नॉटेड की हॅन्ड-टफ्टेड? उत्तर काहीही मिळो, पाठ पाहिली की खात्री होते. मागे कापड चिकटवलेले असेल आणि झालर कडेला शिवलेली असेल, तर तो टफ्टेड. काही ठिकाणी कापडावर पुढच्या नक्षीच्या रेषा छापलेल्याही दिसतात; त्याने भुलू नये.

तिसरा प्रकार यंत्रमागाचा. विल्टन आणि अ‍ॅक्समिन्स्टर ही इंग्लंडमधल्या गावांची नावे आज विणीच्या दोन पद्धतींची नावे झाली आहेत. अ‍ॅक्समिन्स्टरला थॉमस व्हिटी यांनी १७५५ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यात सुरुवातीला काम हातानेच होई. या दोन्ही पद्धतींत लव खरोखर विणली जाते, म्हणून असे गालिचे मजबूत असतात. यंत्राच्या गालिच्याच्या पाठीवरच्या ओळी फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ असतात आणि कडा यंत्राने एकसारख्या शिवलेल्या असतात. बाजारात जे सर्वांत स्वस्त यंत्राचे गालिचे मिळतात, ते बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे असतात. भाड्याच्या घराला किंवा लहान मुलांच्या खोलीला ते पुरेसे आहेत.

गाठींचा हिशोब

गाठींची घनता चौरस इंचात मोजतात. गालिचा उलटा करून फूटपट्टी ठेवावी, एका इंचात आडव्या किती गाठी येतात ते मोजावे, मग उभ्या मोजाव्यात आणि गुणाकार करावा. आडव्या दहा आणि उभ्या तेरा आल्या तर एका चौरस इंचात १३० गाठी. दोन-तीन ठिकाणी मोजून सरासरी काढली तर चूक राहत नाही.

भदोहीचे व्यापारी दर्जा दोन आकड्यांत सांगतात: ५/४०, ९/६०, १२/६०. पहिला आकडा ०.९ इंच रुंदीतल्या गाठींचा आणि दुसरा साडेचार इंच लांबीतल्या गाठींचा. सोपी रीत अशी की दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून चारने भागावे. चौरस इंचातल्या गाठी जवळजवळ बरोबर निघतात. म्हणजे ५/४० मध्ये सुमारे ५०, ९/६० मध्ये १३३ आणि १२/६० मध्ये पावणेदोनशेच्या वर. काश्मिरात हिशोब थेट इंचाचा असतो: ‘अठरा बाय अठरा’ म्हणजे चौरस इंचात ३२४.

या आकड्यांमागे माणसाचे श्रम किती असतात ते पाहण्यासारखे आहे. सहा बाय नऊ फुटांचा ९/६० गालिचा घेतला तर त्यात सुमारे दहा लाख तीस हजार गाठी भरतात. हात बसलेला विणकर दिवसाला सहा ते दहा हजार गाठी मारतो. एकट्याने रोज बसून विणला तर त्याला साडेतीन ते सहा महिने लागतील. म्हणून मोठ्या मागावर दोघे-तिघे शेजारी बसतात. गाठीचा गालिचा महाग का, याचे उत्तर या गुणाकारात आहे. त्याच मापाचा ‘गाठीचा’ गालिचा टफ्टेडच्या भावात कोणी देऊ करत असेल, तर एक तर तो गाठीचा नाही किंवा विणणाऱ्याला त्याची मजुरी मिळालेली नाही.

तरीही जास्त गाठी म्हणजे चांगला गालिचा, असे समीकरण मांडणे चुकीचे आहे. नक्षी वेलबुट्टीची, वळणदार आणि नाजूक असेल तर गाठी दाट लागतातच. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या प्रसिद्ध अर्दबिल गालिच्यात चौरस इंचाला साधारण ३४० गाठी आहेत, कारण त्यातल्या वेलींची वळणे त्याशिवाय उमटलीच नसती. उलट तिबेटी पद्धतीच्या गालिच्यात ६० ते १०० गाठी असतात, पण जाड, चिवट लोकरीमुळे तो अनेक वर्षे पायाखाली टिकतो. रोजच्या वर्दळीच्या दिवाणखान्यासाठी मध्यम गाठींचा आणि उत्तम लोकरीचा गालिचा हा बारीक गाठींच्या पण हलक्या लोकरीच्या गालिच्यापेक्षा केव्हाही चांगला. गाठ मोजता येते म्हणून तिचा बोलबाला होतो. लोकर मोजता येत नाही, ती हाताने पारखावी लागते.

लोकर आणि तिच्या जागी येणारे धागे

गालिच्याला शालीची मऊ लोकर चालत नाही. मेरिनो मेंढीची तलम लोकर पायाखाली दबून चपटी होते. गालिच्याला जाडसर, चिवट, थोडी चमक असलेली आणि दाबले की पुन्हा उभी राहणारी लोकर लागते. राजस्थानात बिकानेरच्या भागातल्या मगरा आणि चोकला जातींच्या मेंढ्यांची लोकर यासाठी नावाजलेली आहे. न्यूझीलंडची लांब तंतूंची लोकर तिच्यात मिसळतात. लोकरीच्या तंतूला नैसर्गिक कुरळेपणा असतो, म्हणून पाऊल उचलले की लव परत उठते. तिच्यात मेंढीच्या अंगचा स्निग्धांश, लॅनोलिन, थोडा उरलेला असतो. तो सांडलेले पाणी काही क्षण आत शिरू देत नाही, त्यामुळे टिपून घ्यायला वेळ मिळतो. लोकर सहज पेट घेत नाही आणि पेटली तरी वितळून अंगाला चिकटत नाही. समईची वात किंवा उदबत्तीचा निखारा पडू शकतो अशा घरात याला किंमत आहे. नवा लोकरी गालिचा पहिले काही महिने तंतू सोडतो. हा दोष नव्हे. विणताना आत अडकून राहिलेले तुकडे बाहेर पडत असतात. वर्ष उलटले तरी लोकर गळतच राहिली, तर मात्र लोकर आखूड किंवा मेलेली आहे. कत्तल केलेल्या मेंढीच्या कातड्यावरून रसायनांनी सोडवलेल्या लोकरीला मेलेली लोकर म्हणतात. ती कोरडी आणि ठिसूळ असते, रंग नीट धरत नाही आणि तळहाताने जोराने घासली तर भुरभुर सुटते.

कृत्रिम धाग्यांत नायलॉन सर्वांत चिवट. जिना, बोळ, जास्त वावराची जागा असेल तर नायलॉनला तोड नाही. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ शोषतच नाही आणि त्याचा रंग धागा बनतानाच आत मिसळलेला असतो, म्हणून तो विटत नाही आणि डाग धुऊन निघतात. पण तेलाचा डाग ते घट्ट धरून ठेवते आणि लव एकदा बसली की उठत नाही. ते १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. जड कपाट त्यावरून ओढत नेले तर घर्षणाच्या उष्णतेनेही चमकदार ओरखडा उरतो. पॉलिएस्टर नवा असताना सर्वांत मऊ लागतो, पण लवकर बसतो.

व्हिस्कोजबद्दल जरा सविस्तर सांगणे भाग आहे, कारण तो स्वतःच्या नावाने क्वचितच विकला जातो. ‘बांबू सिल्क’, ‘आर्ट सिल्क’ अशी त्याची नावे असतात. लाकडाच्या किंवा बांबूच्या लगद्यापासून रासायनिक प्रक्रियेने केलेला हा धागा रेशमासारखा चमकतो, पण ओला झाला की त्याची ताकद निम्म्यावर येते. साधे पाणी सांडले तरी पिवळसर डाग आणि चिकटलेली लव राहते. जेवणाच्या जागी, मुलांच्या खोलीत किंवा पावसाळी पावले येतात त्या दारापाशी व्हिस्कोजचा गालिचा कधीही टाकू नये. धाग्याविषयी शंका असेल तर कडेचा एक तंतू मागून घ्यावा आणि दुकानाबाहेर जाळून पाहावा. लोकर आणि खरे रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत दूर केली की विझते आणि राख चिमटीत चुरते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. व्हिस्कोज आणि सूत कागदासारखे भुरकन जळतात.

रंगाची परीक्षा सोपी आहे. पांढरा रुमाल ओला करून, पिळून गालिच्याच्या गडद भागावर अर्धा मिनिट घासावा. रुमालाला रंग लागला तर तो गालिचा पहिल्या धुण्यातच लाल रंग पांढऱ्यात सोडणार. एकाच रंगात ठिकठिकाणी थोडी फिकी-गडद छटा दिसली, तर ती हातविणीत चालते. लोकरीचे वेगवेगळे घाणे वेगवेगळ्या वेळी रंगवल्याने तसे होते आणि जाणकारांना ते आवडते.

लव किती उंच आहे यापेक्षा किती दाट आहे ते पाहावे. गालिच्याची कड बोटावर मागे वाकवावी. तळाची जाळी लगेच उघडी पडली तर लव विरळ आहे. अंगठा दाबल्यावर तळ चटकन लागला, तरी तेच. उंच आणि विरळ लव सहा महिन्यांत पडते आणि तिच्यात धूळ बसते. शेवटी गालिचा सपाट जमिनीवर पसरून पाहावा. कडा वर वळत असतील, मध्ये पोट आले असेल किंवा दोन टोकांच्या रुंदीत डोळ्यांना जाणवेल इतका फरक असेल, तर मागावर ताण सारखा नव्हता आणि हा दोष घरी नेल्यावर जात नाही.

माप आणि जागा

लहान गालिचा खोलीच्या मध्यभागी बेटासारखा पडून राहतो आणि त्याच्या कडेला पाय अडकतो. दिवाणखान्यात निदान सोफ्याचे पुढचे पाय तरी गालिच्यावर यायला हवेत. जेवणाच्या टेबलाखाली घालायचा असेल तर टेबलाच्या चारही बाजूंना ६० ते ७५ सेंटिमीटर जास्त हवा, नाहीतर खुर्ची मागे घेताना तिचे मागचे पाय कडेवरून घसरतात. माप ठरवताना वर्तमानपत्रे जोडून तेवढ्या आकारात जमिनीवर अंथरावीत आणि दोन दिवस त्याभोवती वावरून पाहावे. दार उघडताना खाली किती फट आहे हेही त्याच वेळी मोजावे. ही फट गालिच्याला आणि अंडरलेला मिळून पुरली पाहिजे.

अंडरले

गालिच्याखाली अंथरायच्या थराला बाजारात अंडरले किंवा पॅड म्हणतात. हजारो रुपये गालिच्यावर खर्च करून इथे हात आखडता घेण्याची पद्धत आहे आणि ती महागात पडते. फरशी, संगमरवर, कोटा किंवा व्हिट्रिफाइड टाइल या सर्वांचा गुण एकच: त्या जराही दबत नाहीत. त्यामुळे पाऊल पडले की सगळा दाब गाठीवर येतो. खालून कठीण जमीन, वरून टाच आणि मधे लवेच्या मुळाशी बसलेली बारीक वाळू. ही वाळू धागा तळापासून कापत जाते. गालिचा वरून झिजतो असे वाटते, पण बराचसा तो बुडातून कापला जातो. अंडरले असले की दाबाचा काही भाग ते घेते, गाठ जमिनीवर घासत नाही, खाली थोडी हवा खेळते, गालिचा सरकत नाही आणि पायाखाली जाडी जाणवते.

सरकणे ही किरकोळ बाब नाही. गुळगुळीत टाइलवर सुटा टाकलेला गालिचा वृद्धांच्या पडण्याला थेट कारण होतो. घरात साठीपुढचे कोणी असेल, तर न सरकणाऱ्या अंडरलेशिवाय गालिचा अंथरूच नये. जुनी चादर किंवा वर्तमानपत्रे खाली घालण्याने काही साधत नाही. कापड टाइलवर गालिच्यापेक्षाही जास्त घसरते आणि कागदाची शाई दमटपणात जमिनीला लागते.

अंडरले जितके जाड आणि मऊ तितके चांगले, हा समज खोटा आहे. फार मऊ थरावर पाऊल खोल जाते, दर पावलाला गालिचा वाकतो आणि सरळ होतो, आणि या हालचालीने ताणे तुटतात, टफ्टेडमध्ये लॅटेक्सला भेगा जातात, भिंतीलगतच्या कार्पेटचे सांधे उकलतात. फर्निचरचे पाय रुतून कायमचे खड्डे पडतात ते वेगळेच. जाडीपेक्षा घनता महत्त्वाची. अमेरिकेतल्या कार्पेट उद्योगाचा सर्वमान्य निकष असा आहे की घरातल्या कार्पेटखालचे अंडरले ११ मिलिमीटरपेक्षा जाड नसावे आणि त्याची घनता घनमीटरला सुमारे ९६ किलोपेक्षा कमी नसावी; लव आखूड किंवा फाशांची, म्हणजे न कापलेल्या धाग्यांची, असेल तर जाडी साडेनऊ मिलिमीटरच्या आत आणि घनता १२८ किलोच्या वर. सुट्या गालिच्याला याहूनही पातळ, म्हणजे पाच ते आठ मिलिमीटरचे पुरते. दुकानात आकडा मिळाला नाही तर तुकडा चिमटीत दाबावा. बोटे सहज एकमेकांना टेकली तर तो कामाचा नाही.

बाजारात दिसणाऱ्या प्रकारांत सर्वोत्तम म्हणजे दाबलेल्या फेल्टला खालून नैसर्गिक रबराचा पातळ थर दिलेला. फेल्ट गालिच्याला धरते, रबर फरशीला धरते आणि फेल्टमधून हवा खेळते. वेगवेगळ्या रंगांचे फोमचे तुकडे दाबून केलेले अंडरले भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या कार्पेटला चांगले, पण घनता पाहूनच घ्यावे. रबराच्या चुऱ्याचे जड अंडरले दीर्घकाळ टिकते आणि आवाज कमी करते, म्हणून वरच्या मजल्यावर उपयोगी. खोबणीदार, वॅफलसारखे स्पंज रबर नवे असताना छान वाटते, पण उन्हाळ्याच्या गरमीत ते लवकर चिकट होते आणि मग त्याची पूड पडते. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त खपणारी पीव्हीसीची जाळी शक्य तर टाळावी. पीव्हीसी लवचिक राहावे म्हणून त्यात जी द्रव्ये घालतात ती हळूहळू बाहेर झिरपतात आणि पॉलिश केलेल्या लाकडावर किंवा लॅमिनेटवर पिवळा, चिकट, न निघणारा ठसा राहतो.

अंडरले गालिच्यापेक्षा प्रत्येक बाजूने अडीच ते पाच सेंटिमीटर लहान कापावे. मग गालिच्याची कड उतरती होऊन जमिनीला टेकते, पाय अडकत नाही आणि अंडरले बाहेर दिसत नाही. झालर मापात धरू नये.

भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या कार्पेटविषयी मत स्पष्ट असावे: मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत ते घेऊ नये. तळमजल्यावर तर मुळीच नाही. जमिनीतून ओल वर येते, चार महिने हवा दमट असते, आणि चिकटवलेले कार्पेट उचलून वाळवता येत नाही. खाली बुरशी धरते, कुबट वास येतो आणि दमटपणात वाढणारे धुळीतले सूक्ष्म माइट दम्याच्या रुग्णाला छळतात. ओल आहे की नाही हे पाहण्याची रीत अशी: दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी फरशीला चिकटपट्टीने बंद करावा आणि एक दिवस ठेवावा, खाली पाण्याचे थेंब जमले किंवा फरशी काळवंडली तर त्या जागी कार्पेट नको. इंग्लंड-अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांची गोष्ट वेगळी आहे. तिथली जमीन बहुतेक लाकडी फळ्यांची, हवा थंड, घर हीटरने कोरडे राहिलेले. तिथे कार्पेट आणि त्याखालचे चांगले अंडरले ही खरी गरज आहे. ब्रिटनमध्ये अंडरले घेताना त्यावरचा टॉग हा आकडा पाहावा. तो उष्णता किती अडवली जाते ते सांगतो. जमिनीखालून गरम करण्याची सोय असेल तर कार्पेट आणि अंडरले मिळून हा आकडा अडीचच्या आत हवा, नाहीतर उष्णता वर येतच नाही.

खरेदी आणि नंतर

पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: बांधणीचा प्रकार, लवेचा धागा आणि माप. ‘रेशीम’ असे तोंडी सांगणारा विक्रेता ‘शुद्ध रेशीम’ लिहून द्यायला कचरत असेल, तर तो व्हिस्कोज समजावा. गालिचा उद्योगात लहान मुलांना मागावर बसवण्याची प्रथा एकेकाळी सर्रास होती. तिच्याविरुद्ध कैलाश सत्यार्थी यांनी १९९४ मध्ये रगमार्क ही तपासणीची व्यवस्था सुरू केली; पुढे तिचे नाव गुडवीव्ह झाले. त्या संस्थेचे लेबल असेल तर मागांची अचानक तपासणी झालेली असते. लेबल नसलेला प्रत्येक गालिचा मुलांनी विणलेला असतो असे नाही, पण विचारणे हे गिऱ्हाइकाचे कर्तव्य आहे, कारण गिऱ्हाईक विचारते तेव्हाच व्यापारी मागापर्यंत जाऊन पाहतो.

घरी आणल्यावर आठवड्यातून एकदा व्हॅक्यूम लवेच्या दिशेने फिरवावा. फिरता ब्रश लोकरीवर वापरू नये. वर आलेला एखादा धागा ओढू नये, कात्रीने कापावा. दर सहा महिन्यांनी गालिचा अर्धा फिरवून टाकावा, म्हणजे ऊन आणि वर्दळ दोन्हीकडे सारखी वाटली जाते. काही सांडले तर कोरड्या सुती कापडाने दाबून टिपावे, चोळू नये. लोकरीवर कपडे धुण्याचा सोडा किंवा क्षारयुक्त साबण कधी घालू नये. कसरीच्या अळ्या लोकर खातात आणि त्यांना अंधार, शांतता व धूळ आवडते. म्हणून सोफ्याखालचा न दिसणारा भाग महिन्यातून एकदा तरी झाडला पाहिजे. पावसाळ्यात गालिचा गुंडाळून ठेवायचा असेल तर तो आधी पूर्ण वाळवून, उन्हात दोन्ही बाजू दाखवून, लव आत राहील असा गुंडाळावा आणि सुती कापडात बांधावा. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते. घडी तर कधीच घालू नये. घडीच्या रेघेवर ताणे तुटतात.

अंडरले गालिच्याइतके टिकत नाही. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, गालिचा बाजूला घेऊन ते उचलून पाहावे. रबर चिकट लागत असेल, फरशीवर पूड पडली असेल किंवा फेल्ट वर्दळीच्या जागी कागदासारखे पातळ झाले असेल, तर त्याच दिवशी माप घेऊन नवे आणावे.